जसे आहे, जिथे आहे

ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. ऑफिसचं डिप्लॉयमेंट अडकलं होतं, समोरची टीम उत्तर देत नव्हती, आणि मी वेळ घालवायला बँकांच्या लिलावाचं पोर्टल चाळत होतो. लोक रात्री रील्स बघतात, मी लिलावातली घरं बघायचो. जिल्हा सिंधुदुर्ग, तालुका मालवण असा फिल्टर लावला की बहुतेक वेळा फ्लॅट नाहीतर दुकानाचे गाळे यायचे. त्या रात्री एक घर आलं.

आचऱ्याच्या बाजूचं एक गाव. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढे खळं, तुळशीवृंदावन, मागे माड. फोटो कोणीतरी गेटच्या बाहेरून फोनवर काढलेला. 'घर व लगतची जमीन', क्षेत्र 0.06.00 हेक्टर आर, म्हणजे साधारण सहा गुंठे. राखीव किंमत 27 लाख. पुण्यात हिंजवडीच्या आसपास या पैशात धड वन-बीएचके येत नाही.

माझं बालपण डोंबिवलीचं, गाव मालवण तालुक्यातलं. आमचंही घर आहे, म्हणजे होतं. मागची पडवी कधीच बसली, माजघराच्या भिंतीतून वडाची मुळी आत आलीय. दुरुस्त कोणी करत नाही, कारण घर सामायिक आहे. सगळ्यांचं असल्यामुळे कोणाचंच नाही. गणपतीत गेलो की आम्ही चुलत्यांकडे उतरतो आणि आमच्या घराला लांबूनच नमस्कार करतो. त्यामुळे बँकेकडून घर घ्यायची कल्पना मला फार आवडली. भाऊबंदकी नाही, सत्तावीस सह्या नाहीत. बँकेनं कर्ज देताना कागद तपासले असणारच. आपण फक्त बोली लावायची.

ही समजूत मोडायला दीड महिना लागला. तो दीड महिना इथे लिहून ठेवतो, कारण माझ्यासारखे रात्री एकला फिल्टर लावून बसणारे बरेच आहेत.

*

आधी हे लिलाव होतात कसे ते थोडक्यात. 2002 साली सरफेसी नावाचा कायदा आला. कर्ज थकलं की बँकेनं कोर्टात दावा लावून वर्षानुवर्षं थांबायची गरज उरली नाही. बँक कर्जदाराला 60 दिवसांची मागणी नोटीस देते. तरीही पैसे आले नाहीत तर तारण मालमत्तेचा ताबा घेते, त्याची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत देते (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं) आणि 30 दिवसांच्या विक्री-नोटिशीनंतर लिलाव करते. पहिला लिलाव फसला तर पुढच्याला 15 दिवसांची नोटीस पुरते. कर्जदाराला बँकेची कारवाई चुकीची वाटली तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे जाता येतं.

आता जाहिरातीतले दोन शब्द. मी ते चार वेळा वाचले होते आणि चारही वेळा नजर पुढे सरकली होती.

पहिला शब्द 'सांकेतिक ताबा'. म्हणजे बँकेनं दारावर नोटीस चिकटवली आहे, आत माणसं राहतात. दुसरा प्रकार 'प्रत्यक्ष ताबा', म्हणजे घर रिकामं आहे आणि किल्ली बँकेकडे आहे. सांकेतिक ताब्याचं प्रत्यक्षात रूपांतर करायला बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात आदेशासाठी 30 दिवसांची मुदत आहे, कारण नोंदवून ती एकूण 60 दिवसांपर्यंत जाऊ शकते. पण आदेश होणं वेगळं आणि पोलीस बंदोबस्तासह कोणीतरी प्रत्यक्ष दारात उभं राहणं वेगळं. घर घेणाऱ्याचे पैसे तोवर अडकून पडलेले असतात.

दुसरी ओळ: 'जसे आहे, जिथे आहे' तत्त्वावर विक्री. मला वाटलं होतं, म्हणजे कौलं फुटकी असतील, रंग उडाला असेल. तिचा खरा अर्थ मला मालवणात एका वकिलांनी सांगितला. बाबांच्या शाळेतल्या मित्राचे भाऊ, म्हणून मी त्यांना काका म्हणतो.

"अरे, ही ओळ कौलांबद्दल नाही, हक्काबद्दल आहे," ते म्हणाले. "बँकेकडे जेवढा हक्क गहाण पडलाय तेवढाच ती तुला विकणार. त्यात भोक असेल तर भोकासकट. उद्या तू बोंब मारलीस तर ती ह्या ओळीवर बोट ठेवील. सातबारा काढलास?"

मी फोनवर सातबारा दाखवला. महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा, 15 रुपये भरून. भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला सरकारी परवानगीची अट नाही. कर्जदाराचं आणि त्याच्या आईचं नाव. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा. मला अगदी स्वच्छ वाटला.

"हा कुठला हिस्सा?" काकांनी विचारलं. "आणि बाग कुठल्या हिश्श्यात आहे?"

*

इथे पहिला टाका उसवला. फोटोत दिसणारे माड त्या सहा गुंठ्यांत नव्हतेच. सर्व्हे नंबर एकच, पण घर एका हिश्श्यात आणि बाग दुसऱ्यात. बागेचा 18 गुंठ्यांचा सातबारा वेगळा, त्यावर अकरा नावं, आणि ती शेतजमीन. गहाणखतात फक्त घराचा हिस्सा होता, जो बिनशेती झाला होता. जाहिरातीतल्या 'लगतची जमीन' या शब्दांचा अर्थ होता घराभोवतीचं खळं आणि परसू.

हे चुकून झालेलं नाही, त्यामागे कायदा आहे. सरफेसीच्या कलम 31 नुसार शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागूच होत नाही. त्यामुळे बँका सहसा बिनशेती तुकडाच गहाण घेतात. आणि समजा एखाद्या लिलावात शेतजमीन आलीच, तर महाराष्ट्रात दुसरी भिंत उभी आहे. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतली तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. लिलावात घेतली म्हणून सूट मिळत नाही. कुळाला कायद्यानं मिळालेली जमीन असेल तर कलम 43 ची अट आणखी वेगळी. सहकारी संस्थांच्या वसुलीचे लिलाव तर सहकार कायद्यातल्या वसुलीच्या तरतुदींखालीही निघतात, तिथे शेतजमिनी सर्रास दिसतात. म्हणून लिलाव कुठल्या कायद्याखाली चाललाय, हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारायचा.

मोठी माणसंही यात अडकतात. आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. दक्षिण गोव्यात आरोसीच्या किनाऱ्यावर पार्क हयात नावाचं पंचतारांकित हॉटेल होतं. मालक कंपनीचं आयएफसीआयचं कर्ज थकलं आणि 2015 साली आयटीसीनं ते हॉटेल लिलावात 515 कोटींच्या वर रक्कम मोजून घेतलं. कर्जदार कोर्टात गेला. त्याच्या मुद्द्यांपैकी एक हा, की गहाण जमिनीचा काही भाग शेतजमीन आहे, म्हणून कायदाच लागू नाही. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विक्री रद्द केली. 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा वैध ठरवली आणि ताबा द्यायला कर्जदाराला सहा महिने दिले. पैसे भरल्यापासून निकालापर्यंत तीन वर्षं. आयटीसीला ती परवडली. माझ्याकडे 9 लाखांची बचत होती आणि बाकीचे बाबांच्या निवृत्तीचे.

*

दाखवण्याच्या दिवशी बँकेचे अधिकारी आले, सभ्य माणूस. त्यांनी घर बाहेरून दाखवलं, गेट उघडलं नाही. मी विहिरीबद्दल विचारलं तर त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले. विहीर बागेच्या हिश्श्यात होती.

कोकणात घर बघताना विहीर आणि वाट आधी बघावी, हे आता मी कोणालाही सांगेन. घाटावर गावठाण असतं, घरं एकमेकांना खेटून असतात, पुढे रस्ता असतो. आमच्याकडे वाड्या विखुरलेल्या. घर एका हिश्श्यात, विहीर दुसऱ्यात, आणि घराकडे जाणारी पाणंद चुलत्याच्या गडग्याला लागून. पिढ्यान् पिढ्या सगळे त्या वाटेनं जातात कारण सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. मी कोणाचाच कोणी नव्हतो. परका माणूस लिलावात घर घेऊन आला की दुसऱ्याच दिवशी पाणंदीत काटेरी कुंपण पडू शकतं. मग वहिवाटीचा हक्क सिद्ध करत तहसीलदाराकडे किंवा कोर्टात फेऱ्या.

घराचा उतारा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतात. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. ग्रामपंचायतीत जाऊन घरपट्टी, पाणीपट्टी किती थकलीय हे मात्र विचारून यावं. आणि वीज बिल. इथे वीज तोडलेली होती, थकबाकी 38 हजारांच्या घरात. मला वाटलं ते जुन्या मालकानं भरायचं. काकांनी 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला, के. सी. निनान विरुद्ध केरळ वीज मंडळ. 'जसे आहे, जिथे आहे' म्हणून लिलावात घेतलेल्या जागेची जुनी वीज थकबाकी नियमांत तरतूद असेल तर नव्या मालकाकडून मागता येते. परत तीच ओळ.

मग खाडी. परसाच्या टोकाला उभं राहिलं की कांदळवन दिसायचं, फोटोत ते फार सुंदर आलं असतं. कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा बांधकामाला बंद, हे मुंबई उच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलं आहे. शिवाय किनारा नियमन क्षेत्र. 2019 च्या अधिसूचनेत विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकाम नाही, खाडीला 50 मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी ते. असलेलं घर राहतं, दुरुस्त करता येतं. पण माझ्या डोक्यात बाजूला दोन खोल्या काढून होमस्टे करायचा होता. तोच बेत आधीच्या मालकाचाही होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

*

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. खरं तर शेजाऱ्यांना वाटेबद्दल विचारायला. पण गेट उघडं होतं आणि खळ्यात एक आजी सोललेले नारळ पसरत होत्या.

"तू बँकेचो?"

"नाही आजी."

"मगे घेवक इलंस?"

मी काहीच बोललो नाही. त्यांनी पाटावर बसायची खूण केली आणि आतून पाण्याचा तांब्या आणला. मी कुठल्या गावचा, कोणाचा, हे सगळं काढून घेतलं. आमच्या वाडीचं नाव सांगितल्यावर त्यांच्या माहेरची कोणीतरी तिथे दिलेली निघाली. मालवणात हे होतंच. मी त्याची तयारी करून गेलो नव्हतो.

मुलानं 2019 मध्ये कर्ज काढलं होतं. पर्यटक वाढत होते, तारकर्ली-देवबागला खोल्या मिळत नव्हत्या, चिपीचा विमानतळ होणार म्हणून सगळे बोलत होते. मागच्या दोन खोल्यांना टाइल्स आणि संडास-बाथरूम झालं. मग 2020 चा लॉकडाऊन. मग 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ, त्यात माड पडला तो नेमका नव्या खोल्यांवर. मुलगा आता गोव्यात कोणाच्या तरी हॉटेलात कामाला होता.

"गावपळणीक काय त्या तीन रात्री भायर ऱवलंय," आजी म्हणाल्या. "नायतर ह्या घर सोडून मी खंय जावक नाय."

गावपळण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आचरा आणि आसपासच्या काही गावांत दर काही वर्षांनी देवाच्या कौलानं सगळा गाव, गुराढोरांसकट, घरं बंद करून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री रानात झोपड्या घालून राहायचं आणि पुन्हा कौल घेऊन परत यायचं. गावात चिटपाखरू नसतं.

बोलता बोलता त्यांनी मुलींचं सांगितलं. थोरली कणकवलीला दिलेली, धाकटी मुंबईत. मी थबकलो. मुली? सातबाऱ्यावर फक्त आजी आणि मुलगा होता. आजोबांच्या मृत्यूनंतरचा 1998 चा वारस फेरफार मी काढला होता, त्यातही 'विधवा पत्नी व एक मुलगा' एवढंच होतं.

"आजी, मुलींची नावं नाही लावली?"

त्या हसल्या. "चेडवांची नावां कोण लावता?"

*

संध्याकाळी वकीलकाकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून बायको, मुलगा, मुलगी एकाच पायरीवर आहेत," ते म्हणाले. "फेरफारात नाव नाही म्हणून हिस्सा जात नाही. सातबारा हा महसुलाचा कागद. त्यावर नाव नसलेला माणूस मालक असू शकतो. दोन्ही मुलींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे?"

नव्हतं. नोंदणी विभागाच्या साइटवर मी त्या गावच्या दस्तांचा तीस वर्षांचा शोध घेतला. गहाणखत होतं, हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं.

म्हणजे बँकेनं जे गहाण घेतलं ते पूर्ण घर होतं की घराचा अर्धा हक्क, हा वाद उद्या उभा राहू शकत होता. "तू हरशील असं नाही," काका म्हणाले. "मुली कदाचित येणारही नाहीत. पण आल्या तर दहा वर्षं जातील. बँकेच्या वकिलानं सातबारा बघितला, तू माणसं बघितलीस. घेणाऱ्यानं गावात जाऊन घरात किती माणसं जन्मली ते विचारायचं असतं."

माझं काम डेटाबेसचं आहे. टेबलमध्ये चुकीची नोंद असेल तर ती सापडते. जी नोंद कधी झालीच नाही ती शोधायला टेबलाच्या बाहेर जावं लागतं. हे मी ऑफिसात ज्युनिअर मुलांना नेहमी सांगतो.

राहिला पैशांचा हिशोब. बयाणा राखीव किमतीच्या 10 टक्के, 2 लाख 70 हजार. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, बयाण्यासकट एकूण 25 टक्के भरायचे. उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेशी लेखी ठरलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलं तर भरलेले पैसे जप्त. आणि सांकेतिक ताब्यातल्या घरावर कर्ज द्यायला माझ्या ओळखीच्या तिन्ही बँकांनी नाही म्हटलं. म्हणजे 20 लाखांहून जास्त रोख हवे होते. ते बाबांचे.

बाबांना मी सगळं सांगितलं. हिस्सा, विहीर, पाणंद, वीज, मुली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ती बाई तिथेच राहते ना अजून?"

मी हो म्हटलं.

"मग पोलीस घेऊन कोण जाणार? तू?"

कागदांच्या यादीत हा प्रश्न नव्हता. कायद्यानं उत्तर सोपं आहे: मी नाही, बँक जाणार. पण गाव बँकेला ओळखत नाही. गावात माझं नाव लागलं असतं.

बयाणा भरायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. पावणेपाचपर्यंत मी लॉगिन करून बसलो होतो. भरला नाही. शहाणपणानं नाही भरला की घाबरून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सगळी कारणं एकदमच हजर होती.

कोकणाला लिलाव नवीन नाही. 'आकारीपड' हा शब्द सिंधुदुर्गात अजून ऐकू येतो. शेतसारा थकला म्हणून सरकारनं लिलावाला काढलेली, बोली न आल्यामुळे सरकारकडेच गेलेली जमीन. महसूल कायद्यात मूळ मालकाला थकबाकी भरून ती सोडवून घ्यायला 12 वर्षांची मुदत दिलेली होती. सरफेसीत 2016 च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराला पूर्ण पैसे भरून मालमत्ता सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, आणि 2023 च्या बाफना मोटर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते पक्कं केलं. घेणाऱ्याच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे. मी घेणारा होतो तेव्हा मलाही ती चांगलीच वाटली होती.

*

लिलावात बोली आली नाही. दोन महिन्यांनी तीच जाहिरात परत आली, राखीव किंमत 24 लाख 30 हजार. मी पुन्हा दोन रात्री जागलो. तेव्हाही बोली आली नाही.

पावसाळा संपल्यावर ती तिसऱ्यांदा आली. किंमत आणखी उतरली होती. फोटो नवीन होता, खळ्यात गवत गुडघाभर वाढलेलं. मी सवयीनं ताब्याच्या रकान्याकडे गेलो. 'सांकेतिक' जाऊन तिथे 'प्रत्यक्ष' असं आलं होतं.

हा शब्द दिसला की घर घ्यायला सोपं, हे मीच वर लिहिलं आहे.

त्यानंतर मी पोर्टल उघडलेलं नाही. पण एक काम केलं. आमच्या स्वतःच्या घराचा सातबारा काढला. तोवर मी परक्या माणसाच्या घराचे तीस वर्षांचे फेरफार वाचले होते आणि आपला एकही नाही. त्यावर अजून पणजोबांचंच नाव होतं. आजोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यांचंही कधी लागलं नव्हतं. कागदोपत्री बाबा शेतकरी नाहीत, मी तर नाहीच.

2025 च्या एप्रिलपासून राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम चालू होती, मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. आमच्यासारखी घरं एवढी आहेत की सरकारला मोहीम काढावी लागली. ई-हक्क प्रणालीवर अर्ज घरबसल्या करता येतो. मृत्यूचे दाखले, वारसांचं शपथपत्र, आणि सगळ्या वारसांची नावं. एका रविवारी मी आणि बाबा लॅपटॉप घेऊन बसलो. पणजोबांच्या शाखा लिहीत आमच्या आजोबांपर्यंत आलो. बाबा, काका, आणि बाबा थांबले.

"आत्यांची पण?" ते म्हणाले.

"हो."

"त्यांना काय करायचंय? त्या कधी येतायत गावाला?"

मी काही बोललो नाही. बाबा वाईट माणूस नाहीत. दोन्ही बहिणींच्या लग्नात त्यांनी कर्ज काढलंय, भाऊबीज एकदाही चुकवलेली नाही. त्यांना फक्त हे कधी सुचलं नव्हतं. ते थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, "लाव. पण आधी फोन कर. उगाच कागद हातात पडला तर दचकतील."

थोरल्या आत्याला मीच फोन केला. ती विरारला असते, बहात्तर वर्षांची आहे. मी सांगितलं, गावच्या घराला वारस म्हणून तुझं नाव लावतोय, आधार कार्डाचा फोटो पाठव.

"माझं? कशाला रे बाबा? तुमचं तुम्ही लावा. मला काय न्यायचंय वर?" ती हसली, मग इकडचं तिकडचं बोलली आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासानं तिचाच फोन आला. आधी काही बोललीच नाही. मग विचारलं, "नाव माहेरचं लावणार की सासरचं?"

मी म्हटलं, सासरचंच लागेल, आधारवर आहे तेच.

"बरं," ती म्हणाली. "कंसात बाबांचं नाव येतं का बघ."